किल्ली कोणाकडे आहे?

बी.एड.ला ज्यांनी मला शिकवलं त्या बाईंचे कुटुंबीय, अकोला-अमरावतीच्या अध्यापक महाविद्यालयांतले माझे सहकारी, शाळांचे मुख्याध्यापक, आणि मागच्या चार रांगांत बसलेले, हजेरी लागणार म्हणून आलेले बी.एड.चे छात्राध्यापक,

मागच्या रांगांपासूनच सुरुवात करतो, कारण चाळीसेक वर्षांपूर्वी मीही तिथेच बसत होतो. बाई आम्हाला विज्ञानाची अध्यापन पद्धती शिकवत. सराव पाठाला त्या शेवटच्या बाकावर येऊन बसत, हातात लाल-निळी पेन्सिल. पाठ बरा झाला तर टाचण वहीत नुसती सही. बिघडला तर मात्र एखादा शेरा. माझ्या वहीत असे सात शेरे आहेत. त्यातला एक आज सोबत आणला आहे.

पाठ होता विद्युत घंटेचा, वर्ग आठवीचा. आमच्याकडे तेव्हा नुकताच ओव्हरहेड प्रोजेक्टर आला होता आणि तो वापरणारा आपण पहिलाच, या तोऱ्यात मी होतो. चार रंगांच्या पेनांनी पारदर्शिकेवर घंटेची आकृती काढली: विद्युतचुंबक, लोखंडी पट्टी, टोला, स्क्रू. ते धूड मांडीवर घेऊन सायकलरिक्षातून शाळेत गेलो. भिंतीवर चादर लावली, खिडक्या बंद करवून घेतल्या. चौथ्या मिनिटाला लाइन गेली. पुढची अर्धी तासिका मी त्या अंधाऱ्या वर्गात, "आता इथे तुम्हाला टोला दिसला असता," असं सांगत उभा होतो. शेवटी शिपायानं व्हरांड्यात टांगलेल्या रुळाच्या तुकड्यावर हातोडी मारली. त्या दिवशी वर्गाला कळलेली घंटा ती एवढीच.

बाईंनी वहीत लिहिलं होतं: "घंटेचं चित्र दाखवायला लाइन लागली. घंटा दाखवायला दोन सेल पुरले असते."

माझं आजचं बोलणं या दोन वाक्यांचाच विस्तार आहे. कोणाला मुर्तिजापूरची गाडी गाठायची असेल तर त्यांनी आता उठायला हरकत नाही.

आयोजकांनी मला विषय दिला तो असा: शाळेत तंत्रज्ञान शिकवण्यासाठी छात्राध्यापकांची तयारी. या एका ओळीत दोन कामं एकामागे एक लपून बसली आहेत. तंत्रज्ञान हाताशी घेऊन इतिहास, गणित, मराठी शिकवणं हे एक. आणि खुद्द तंत्रज्ञान शिकवणं हे दुसरं: वावरातल्या मोटरचा स्टार्टर काय करतो, जिनमध्ये सरकी आणि रुई वेगळी कशी होते, बापाच्या फोनमधला नकाशा आपण कुठे उभे आहोत हे कसं ओळखतो. पहिल्या कामासाठी पैसा येतो, फलक लागतात, फीत कापली जाते. दुसऱ्या कामाला आपल्या शाळेत धनीच नाही. विज्ञानाचा शिक्षक म्हणतो, हे पुस्तकात नाही. संगणकाचा निदेशक म्हणतो, माझं काम संगणकापुरतं.

बी.एड.च्या अभ्यासक्रमात याची सोय नाही असं नाही. राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेचे २०१४चे नियम आले, २०१५पासून बी.एड. दोन वर्षांचं झालं, आणि त्यात माहिती संप्रेषण तंत्रज्ञानाचं, म्हणजे आयसीटीचं, 'चिकित्सक आकलन' असा एक वेगळा घटक आला. नाव मला फार आवडलं होतं. चिकित्सक! प्रत्यक्षात काय झालं ते इथे बसलेल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. पंधरा स्लाइडांचं सादरीकरण, डावीकडून उडत येणारी अक्षरं, शेवटच्या स्लाइडवर गुलाबाचं फूल आणि धन्यवाद. ते आधी सीडीत जमा व्हायचं, मग पेनड्राइव्हमध्ये, आता ई-मेलनं. जो विषय शिकवायचा आहे त्याच्या पद्धतीच्या तासाशी त्याचा संबंध शून्य. पद्धतीचे प्राध्यापक वेगळे, आयसीटीचे वेगळे, आणि दोघांच्या मधल्या भिंतीला दार नाही. या दाराचा विचार आधीच झालेला आहे: शिक्षणतज्ज्ञ ली शुलमन यांनी १९८६ साली मांडलं की विषय येणं वेगळं आणि तो विषय शिकवता येणं हे वेगळंच ज्ञान आहे. पुण्य मिश्रा आणि मॅथ्यू केलर यांनी २००६ साली त्यात तंत्रज्ञानाची भर घातली आणि विषय, अध्यापन, तंत्रज्ञान अशी एकमेकांना छेदणारी तीन वर्तुळं काढली. ती वर्तुळं आमचे विद्यार्थी परीक्षेत फार सुबक काढतात.

थोडं मागे जाऊ. ऑक्टोबर १९३७मध्ये वर्ध्याला शिक्षण परिषद भरली, गांधीजी अध्यक्ष होते, आणि झाकीर हुसेन समितीनं त्यातून नई तालीमचा आराखडा केला. आज आपण त्याकडे ग्रामोद्धार वगैरे म्हणून पाहतो. मला मात्र तो शालेय तंत्रज्ञानाचा आपल्या भागातला पहिला गंभीर प्रयोग वाटतो. टकळी हे त्या शाळेचं यंत्र होतं. सूत मोजताना गणित, कापूस कुठून येतो आणि कुठे जातो यातून भूगोल, गिरणीच्या कापडातून इतिहास. वऱ्हाडच्या, पऱ्हाटीच्या मुलखात याहून जवळचं साहित्य कुठलं? वर्ध्यात १९३८ साली शिक्षक तयार करायला विद्यामंदिर प्रशिक्षण शाळाही निघाली. कल्पना थोर होती, पण ती सगळी एका सांध्यावर उभी होती. सुतावरून गणितावर उडी मारणारा शिक्षक हवा होता. जिथे तो मिळाला तिथे शाळा चालली. जिथे नाही, तिथे सूतकताई हा एक तास झाला, गणित हा दुसरा तास झाला, आणि दोघांची गाठ पडली नाही. पुढे १९६४-६६च्या कोठारी आयोगानं कार्यानुभव आणला. त्याचे आपण कागदी फुलं आणि खडूचे डस्टर करून टाकले.

पुढचा काळ झरझर सांगतो, कारण कथा तीच आहे. १९८४मध्ये देशातल्या निवडक शाळांत बीबीसी मायक्रो नावाचे संगणक आले. त्याच वर्षी पुण्यात बालचित्रवाणी ही शैक्षणिक कार्यक्रम बनवणारी संस्था सुरू झाली, ती २०१७ साली बंद झाली. मग शाळाशाळांत आयसीटीच्या प्रयोगशाळा झाल्या. कंत्राटदाराची यंत्रं, कंत्राटदाराचा निदेशक, करार पाच वर्षांचा. करार संपला, निदेशक गेला, यंत्रं राहिली. या पाच वर्षांत शाळेच्या कायम शिक्षकानं त्या खोलीत पाऊल टाकावं असं कोणाला वाटलं नाही, कारण तो 'त्यांचा' तास होता. नंतर २०१५-१६च्या सुमारास डिजिटल शाळांची लाट आली. ती लाट शिक्षकांनीच आणली हे मी मुद्दाम सांगतो. गावातून वर्गणी काढून, पदरचे पैसे घालून जिल्हा परिषदेच्या गुरुजींनी प्रोजेक्टर घेतले. त्यांची चेष्टा करण्याचा अधिकार मला नाही.

पण छात्रसेवाकाळाच्या भेटींना मी वर्षानुवर्षं गावोगाव हिंडलो आहे. तिथला एक संवाद मला पाठ आहे.

"संगणक खोली आहे का, सर?"

"आहे ना जी. दहा नग आहेत."

"बघू या?"

"पाहावं लागते किल्ली कोणाजवळ आहे तं."

किल्ली बाबूंकडे असते आणि बाबू पंचायत समितीला गेलेले असतात. किंवा मुख्याध्यापकांकडे असते आणि ते शिक्षण परिषदेला. मी बरीच वर्षं याला आळस समजत होतो. मग एका मुख्याध्यापकांनी मला कपाटातून डेडस्टॉक रजिस्टर काढून दाखवलं. एक माउस हरवला तरी लेखापरीक्षणात उत्तर त्यांनी द्यायचं. दहा संगणक एकाही मुलाचा हात न लागता गंजले तर मात्र कोणी विचारत नाही, कारण नग दहाच्या दहा भरतात. मी त्यांच्या जागी असतो तर मीही कुलूपच लावलं असतं. ज्या रजिस्टरचं नावच 'मेलेला साठा' आहे, त्यातली वस्तू जिवंत राहावी अशी अपेक्षा तरी कशी करायची!

आता आमच्या महाविद्यालयांच्या अंगणात येतो, कारण दोष शाळांवर टाकून हा विषय सुटणार नाही.

सूक्ष्म अध्यापन तुम्ही सगळ्यांनी केलं आहे. सहा मिनिटं पाठ, सहा मिनिटं प्रत्याभरण, बारा मिनिटं पुन्हा नियोजन, सहा मिनिटं पुन्हा पाठ, सहा मिनिटं पुन्हा प्रत्याभरण. छत्तीस मिनिटांचं चक्र. हे आलं कुठून? १९६३च्या सुमारास अमेरिकेत स्टॅनफर्ड विद्यापीठात ड्वाइट अॅलन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ही रीत बसवली. तिला तिथे बळ मिळालं ते व्हिडिओ रेकॉर्डरमुळे. शिकाऊ शिक्षकानं स्वतःचा पाठ स्वतः पडद्यावर पाहावा: मी फळ्याशी बोलतो का, उत्तर यायच्या आत मीच उत्तर देऊन टाकतो का, माझी नजर पहिल्या बाकापलीकडे जाते का. शिक्षक घडवताना तंत्रज्ञान कसं वापरावं याचा याहून सरळ नमुना मला माहीत नाही. आपल्याकडे ही पद्धत आली तेव्हा कॅमेरे परवडणारे नव्हते. म्हणून आपण कॅमेरा काढला आणि घड्याळ ठेवलं. खरी मुलंही काढली, वर्गमित्रांनाच मुलं केलं. तीस वर्षांचे, लग्न झालेले छात्राध्यापक पाचवीतली पोट्टी बनून "हो बाई" म्हणतात, आणि बाजूला निरीक्षक श्रेणी भरतो.

तो काळ गरिबीचा होता, समजू शकतो. पण आज इथे मागच्या रांगांत बसलेल्या प्रत्येकाच्या खिशात स्टॅनफर्डच्या त्या यंत्राहून चांगला कॅमेरा आहे. आणि सराव पाठाच्या सूचनांमधली पहिली सूचना कोणती? पाठाच्या वेळी भ्रमणध्वनी बंद ठेवावा.

एकदाच, नाइलाजानं, हे बदललं होतं. फेब्रुवारी २०२१मध्ये अमरावती पुन्हा टाळेबंदीत गेली. राज्यातली दुसरी लाट आपल्याच भागातून वर आली, आठवत असेल. शाळा बंद. सराव पाठ फोनवर झाले. एका छात्राध्यापिकेनं गच्चीवर, वाळत घातलेल्या गव्हाशेजारी, धाकट्या भावाला पूर्णांक शिकवले. एकानं गोठ्यात पाठ घेतला; मागे म्हैस हंबरत होती आणि भाऊ हसत होता. शेकडो चित्रफिती जमल्या. आमच्या हाती प्रथमच, चुकांसकट, पाठांचा खजिना आला होता. ज्याचा त्यानं पाहावा, दोघांनी मिळून पाहावा, थांबवून पाहावा. आम्ही काय केलं? गुण दिले आणि फोनमध्ये जागा होत नाही म्हणून सगळं पुसून टाकलं. मीही पुसलं. निवृत्तीच्या वर्षातली ही माझी कमाई.

या गावात हे घडावं याचं मला जास्त वाईट वाटतं. कारण शिक्षक कसा घडवायचा हे अमरावतीला फार आधी कळलं होतं. वैद्य बंधूंनी १९१४ साली हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ काढलं. १९३६ साली बर्लिन ऑलिम्पिकच्या वेळी मंडळाचं पथक तिथे गेलं आणि त्यानं आपले देशी खेळ जगाला दाखवले. देशभरातून माणसं इथे शारीरिक शिक्षक व्हायला आली. त्या मैदानावर मल्लखांबाची टाचणं लिहून कोणी मल्लखांबाचा शिक्षक झाला असेल का? आधी स्वतः चढायचं, घसरायचं, मांड्या सोलून घ्यायच्या. मग दुसऱ्याला चढवायचं आणि त्याच्या पाठीखाली आपला हात ठेवायचा. हात कुठे ठेवायचा हे पुस्तकात नसतं. आमच्या बी.एड.मध्ये यंत्र आलं की मात्र आपण विद्यार्थ्याला खांबाची आकृती काढायला लावतो.

एक पाठ सांगतो. माझ्या शेवटच्या काही वर्षांतला, माझ्या मते मी पाहिलेला सर्वांत चांगला. त्याला मी जरा जास्त वेळ देणार आहे.

पूर्णा नदीच्या दोन्ही अंगांचा खारपाणपट्टा इथल्या माणसाला सांगायला नको. दर्यापूर, अकोट, मुर्तिजापूरकडची काळी, खोल जमीन, खाली पाणी आहे पण खारं; ना धड पिता येतं ना भिजवता येतं. आता तिथे गावोगाव आरओचे प्लांट झाले आहेत आणि वीस लिटरच्या कॅनी घरोघर जातात. पाणी पोचवणाऱ्या पोराच्या खिशात पेनासारखं एक मीटर असतं. तो ते बोअरच्या पाण्यात बुडवतो, चार अंकी आकडा येतो; कॅनीत बुडवतो, दोन अंकी येतो. गिऱ्हाईक खूश. ते टीडीएस मीटर.

खारपाणपट्ट्यातल्याच एका गावची आमची छात्राध्यापिका होती. सराव पाठाला तिनं प्रोजेक्टर आणला नाही, तक्ता आणला नाही. पाणीवाल्याकडून ते मीटर मागून आणलं. बोअरचं पाणी, कॅनीचं पाणी आणि शाळेच्या टाकीतलं पावसाचं पाणी, असे तीन पेले. सातवीचा वर्ग. मुलांनी आकडे घेतले, फळ्यावर लिहिले. मग कॅनीच्या पाण्यात चिमूटभर मीठ टाकलं, आकडा सुसाट वर गेला. मुलं खूश. पाण्यात जे विरघळलं ते मीटर मोजतं, असा निष्कर्ष छात्राध्यापिकेनं फळ्यावर लिहिला. टाचणात इथे पाठ संपत होता.

तेवढ्यात एका पोरीनं डब्यातून आणलेली साखर दुसऱ्या पेल्यात टाकली. ढवळली. मीटर बुडवलं. आकडा जागचा हलला नाही. तिनं आणखी टाकली. नाहीच. वर्ग शांत झाला आणि ती म्हणाली, "मॅडम, हे मीटर खोटं बोलते जी."

छात्राध्यापिका माझ्याकडे पाहू लागली. मी कागदात डोकं घातलं. बाईंनी मला हे एकच शिकवलं होतं, की अशा वेळी निरीक्षकानं खाली पाहावं. ती थोडा वेळ थांबली आणि म्हणाली, "मलाही माहीत नाही. साखर तर विरघळली आहे. उद्या सांगते."

माझ्या हातातल्या निरीक्षण पत्रकात रकाने होते: प्रस्तावना, प्रश्नकौशल्य, फलकलेखन, शैक्षणिक साहित्याचा वापर, विषयज्ञान. 'मला माहीत नाही' हे कुठल्या रकान्यात बसवायचं? रूढ हिशेबानं विषयज्ञानाला कमी गुण, पाठ अपूर्ण. मी पूर्ण गुण दिले आणि नंतर प्राचार्यांशी वाद घातला.

त्या रात्री तिनं शोधलं. हे मीटर विरघळलेले क्षार मोजतच नाही. त्याच्या दोन टोकांमध्ये पाण्यातून वीज किती वाहते ते मोजतं आणि त्या आकड्याला एका ठरावीक संख्येनं गुणून 'टीडीएस' म्हणून दाखवतं. मीठ पाण्यात आयन होऊन फुटतं, वीज वाहते. साखर फुटत नाही. दुसऱ्या दिवशी तिनं नऊ व्होल्टची बॅटरी, दोन खिळे, वायर आणि एक एलईडी दिवा आणला. खाऱ्या पाण्यात दिवा लागला, साखरेच्या पाण्यात लागला नाही. सातवीच्या मुलांनी टीडीएस मीटर स्वतः बनवलं. मग एक मुलगा म्हणाला, म्हणजे पाण्यात जंतू असले, औषध असलं, तरी हे मीटर चांगलंच म्हणेल? होय बाबा. तसंच म्हणेल.

तंत्रज्ञान शिकवणं म्हणजे मी एवढंच समजतो. आकडा दाखवणाऱ्या डबीला, तू नेमकं काय मोजतेस, असं विचारता येणं. आणि त्या छात्राध्यापिकेची तयारी कुठे झाली होती? आयसीटीच्या पेपरात नाही. विज्ञान पद्धतीच्या तासात दोन सेल आणि एक वायर हाताळून झाली होती. बाईंच्याच एका विद्यार्थ्याकडे ती शिकली होती; तो मी नव्हे, माझा सहकारी.

इथून मेळघाटात जाऊ. धारणी तालुक्यातलं हरिसाल २०१६ साली देशातलं पहिलं डिजिटल गाव म्हणून गाजलं. राज्य सरकार आणि मायक्रोसॉफ्ट कंपनी, दूरचित्रवाणीच्या रिकाम्या लहरींवरून इंटरनेट, दवाखान्यात दूरवैद्यक, शाळेत डिजिटल वर्ग. मग २०१९च्या निवडणुकीत राज ठाकरे यांनी जाहीर सभांमध्ये पडद्यावर हरिसाल दाखवून हे सगळं फोल आहे म्हटलं, सरकारनं ते नाकारलं, वाहिन्यांचे कॅमेरे घाट चढून गेले. यंत्र चालू आहे की बंद, रेंज आहे की नाही, यावर महाराष्ट्रभर वाद झाला. मला त्या वादात कोणाची बाजू घ्यायची नाही. पण दोन्ही बाजूंनी एक प्रश्न विचारला नाही: तिथे शिकवणारा शिक्षक कसा तयार झाला? पहिलीत येणारं मूल घरी कोरकू बोलतं. पडद्यावरची कविता मराठीत. शिक्षक खालून, मैदानातून आलेला. पडदा अगदी चोवीस तास चालू असता तरी त्या मुलाच्या आणि कवितेच्या मधली दरी तशीच राहिली असती. तिथे जाणाऱ्या छात्राध्यापकाच्या फोनचा उपयोग दुसराच आहे. आजीकडून कोरकू गोष्ट आणि कोरकू शब्द आवाजात उतरवून आणायचे आणि पहिलीच्या वर्गात वाजवायचे. त्याला रेंज लागत नाही.

तरीही निराश व्हायचं कारण नाही, कारण हे जमलेलं आहे आणि आपल्यापासून लांब नाही. सातपुडा ओलांडून पलीकडे, तेव्हाच्या होशंगाबाद जिल्ह्यात १९७२ साली सोळा शाळांमध्ये विज्ञान शिक्षणाचा कार्यक्रम सुरू झाला, पुढे जिल्हाभर पसरला आणि २००२पर्यंत चालला. गावातल्या उच्च प्राथमिक शाळेचे शिक्षक उन्हाळ्यात शिबिराला येत आणि मुलांनी करायचा प्रत्येक प्रयोग आधी स्वतः करत. विद्यापीठातले शास्त्रज्ञ बाजूला मांडी घालून बसत आणि त्यांनाही कधी कधी उत्तर येत नसे. वर्षभर दर महिन्याला शिक्षकांची बैठक: काय फसलं ते सांगा. प्रशिक्षण म्हणजे चहा, नाश्ता आणि सहीचा कागद अशी सवय झालेल्या आपल्यासारख्यांना ते खोटं वाटेल.

आणि पुणे जिल्ह्यातलं पाबळ. हिंदुस्थान लिव्हरमधली मोठी नोकरी सोडून डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ साली तिथे विज्ञान आश्रम काढला. त्यातून आठवी ते दहावीसाठी मूलभूत तंत्रज्ञानाचा अभ्यासक्रम आला: आठवड्यातला एक दिवस वेल्डिंग-सुतारकाम, वीज आणि ऊर्जा, शेती-पशुपालन, घर आणि आरोग्य. तिथे शिकवतात गावातलेच कसबी लोक. मूल शाळेसाठी खरी खुर्ची जोडतं, गावातल्या घरी खरं वायरिंग करतं. मला याच्यात एकच उणीव दिसते, आणि ती आश्रमाची नाही, आपली आहे. मोटर रिवाइंडिंग करणारा माणूस आणि बी.एड. झालेला शिक्षक, दोघंही त्याच गावात राहतात आणि वर्गात कधी एकत्र उभे राहत नाहीत. एकाला कसं ते करता येतं, दुसऱ्याला का ते सांगता येतं.

म्हणून माझ्या सहकाऱ्यांना थोडं मागतो. दोन वर्षांच्या बी.एड.मध्ये शाळेत राहायला वीस आठवडे मिळतात. पुन्हा एका वर्षाच्या बी.एड.ची चर्चा सुरू आहे. ते येईपर्यंत तरी हे आठवडे आपले आहेत. त्या वीस आठवड्यांत प्रत्येक छात्राध्यापकानं एक पाठ गावातल्या कारागिराला सोबत घेऊन घ्यावा. मेकॅनिक, जिनचा फिटर, ठिबकचा संच बसवणारा, कोणीही. अकोल्यात १९६९पासून डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ आहे, दरवर्षी शिवार फेरी होते, हजारो कास्तकार जातात; बी.एड.ची एक बस तिथे गेलेली मी पाहिली नाही. छात्राध्यापकाचे निदान दोन पाठ चित्रित व्हावेत आणि ते त्यानं स्वतः, मग मित्रासोबत, मग तुमच्यासोबत पाहावेत. त्याला गुण नकोत. गुण आले की तो पाठ रंगवेल. आणि एक पाठ मुद्दाम लाइन नसताना घ्यायला लावा. तो घेता आला तर उरलेले सगळे घेता येतील.

पद्धतीच्या प्राध्यापकांनो, हे तुम्ही स्वतः करून दाखवल्याशिवाय होणार नाही. आयसीटीवाल्या सहकाऱ्याकडे ढकलू नका.

चॅटजीपीटीबद्दल मी बोलणार नाही असं ठरवलं होतं, पण एवढं सांगतो. निवृत्तीनंतरही अलीकडे मला तपासायला येणारी टाचणं फार सुंदर असतात. सगळी सारखीच सुंदर. पूर्वी एकमेकांच्या वहीतून उतरवताना निदान चुका वेगवेगळ्या व्हायच्या. उपाय बंदीचा नाही. यंत्रानं लिहिलेलं टाचण घेऊन या, आणि ते सातवीच्या त्या साखरवाल्या पोरीपुढे कुठे कोसळेल ते लाल शाईनं दाखवा. तोच पाठ, तोच सराव.

मुख्याध्यापकांना शेवटची विनंती. आपल्याकडे शाळा उन्हामुळे जूनच्या शेवटी उघडतात. त्यानंतर काही आठवड्यांत आमचे छात्राध्यापक तुमच्या दारात उभे राहतील. तुमच्या बंद खोलीतलं एखादं यंत्र त्यांच्या हातून बिघडेल, हे मी आजच कबूल करतो. तो खर्च महाविद्यालयानं द्यावा, असं मी इथे बसलेल्या प्राचार्यांसमोर जाहीर सांगतो. त्यांनी नाही म्हटलं तर माझ्याकडे या. तुम्ही फक्त किल्ली कोणाकडे आहे, तेवढं जूनच्या आधी शोधून ठेवा.